नव्व्याण्णव आहे, ठीक आहे

—नाही हो, पाऊस पडणार नाही. ऑक्टोबरचं आभाळ हे. सकाळपासून नुसतं भरून बसलंय, वारा म्हणून नाही, माडाची झावळी हलत नाही, घाम तेवढा निथळतोय. फुलं पिकवणाऱ्याला आभाळ कळतं. अशा दिवशी चाफ्याच्या कळ्या टोपलीतच काळ्या पडतात. तुम्ही बसा, त्या टोकाला बाक डुगडुगतो, इकडं सरका. आचोळ्याहून आलात म्हणालात ना, रमेशभाऊ? आणि आत तपासणीचं रक्त द्यायला गेल्यात त्या तुमच्या मंडळी, आशालताबाई. फाईल बघूनच ओळखलं मी. वाचून नाही हो, रंगावरनं. आमचीही तसलीच आहे, पिवळी. सोमवारी पहिला केमो? परळला? मग ऐका माझं. डॉक्टर सांगतील, छापलेला कागदही देतील, पण कागदात सगळं नसतं. आमच्या मंडळींचे, लुसीचे, तीन झालेत. ती त्या काचेच्या दारामागं आहे, परवापासून. पांढऱ्या पेशी पार खाली गेल्यात, ताप हटत नाही. आज पहाटे पुन्हा रक्त घेतलंय. पेशी वर सरकल्या तर आशा आहे, असं म्हणाले. आणि नाही सरकल्या तर काय, ते मी विचारलं नाही. अकरापर्यंत कळेल. तोवर तुमच्याशी बोलतो, नाहीतर हे दार बघत बसायचं.

आधी केस. आशालताबाईंचे लांब आहेत, मी बघितले. या दोन दिवसांतच बारीक कापून घ्या, त्यांच्या मर्जीनं, हसतखेळत. लुसीनं ऐकलं नाही. सोळाव्या दिवशी फणी फिरवली तर अख्खा पुंजका फणीत. रडली नाही ती. फणी धुतली, पुसली आणि म्हणाली, क्लेमेंटीनच्या नातीला देऊन टाक. क्लेमेंटीन म्हणजे आमची शेजारीण, कुंपणापलीकडची. देवमाणूस. तिच्याबद्दल सांगतो नंतर. दात दाखवून घ्या आधी, किडका असला तर त्याचं काय करायचं ते सोमवारच्या आत डॉक्टरांना विचारा, मागनं फार जड जातं. आणि हे कोणी सांगत नाही, मी सांगतो—डोसाच्या दिवशी त्यांच्या आवडीचं काही रांधू नका. मी मूर्ख, पहिल्या डोसाला बोंबलाचं कालवण केलं, म्हटलं तेवढंच दोन घास जास्त जातील. सगळं उलटलं. आता बोंबील नाव काढलं तरी तोंड भिंतीकडं. बोंबलावर जीव होता हो तिचा. फोडणी घरात देऊ नका, वासानंच पोट ढवळतं. आमची फोडणी क्लेमेंटीनच्या पडवीत व्हायची. पेज गार करून द्या, गरमाला वास जास्त. पोटभर वाढायचं नाही, दर दोन तासांनी दोन-चार घास. तोंडाला लोखंडाची चव येते म्हणे, मग स्टीलचा चमचा बाजूला ठेवा. मी आंब्याच्या फांदीचा एक घासून दिला होता तिला. आणि चुळा—कोमट पाण्यात चिमूटभर मीठ, चिमूटभर खायचा सोडा—खाल्लं की चूळ, तोंड येत नाही मग. येतंच, पण कमी येतं.

कोण आलं? नाही, ती दुसऱ्या खोलीत गेली सिस्टर.

काय म्हणत होतो—माणसं. डोस झाला की आठवडाभरानं पेशी उतरतात, सात ते चौदा दिवस धरून चाला. त्या दिवसांत सर्दीचं माणूस घरात नको, मग तो सख्खा भाऊ असला तरी. आमच्यात कोणी आजारी पडलं की अख्खी आळी रोझरीची प्रार्थना म्हणायला घरी येते, चाळीस-पन्नास माणसं, पोरंबाळं, खोकलणारी म्हातारी सगळी एका खोलीत. मी फाटकात उभा राहून हात जोडले, म्हटलं अंगणात बसून म्हणा, तिला खिडकीतनं ऐकू येईल. रुसले लोक. एक जण म्हणाला, सिप्रियन, आता देवालाही बाहेर ठेवतोस काय? ठेवलं बाहेर. काय करणार? आणि फुलं. बेचाळीस वर्षं तिच्या उशाशी रोज एक सोनचाफा ठेवलाय मी, लग्न झाल्यापासून. डॉक्टर म्हणाले फुलं खोलीत नकोत, त्यावरही जंतू असतात. बंद केलं. पाणी उकळून, फळ सोलून, हात साबणानं, भांडी वेगळी. सगळं केलं हो मी. कोणी म्हणू देत सिप्रियननं काही कमी केलं म्हणून.

एकच राहिलं.

थर्मामीटर आहे घरी? काचेचं, पाऱ्याचं? बघा, हे आणलंय मी खिशात, का आणलंय कोण जाणे. जरा उजेडाकडं धरा. पारा दिसतो? कुठवर आहे? वाचा ना. मोठ्यानं वाचा. ...हां. असं पटकन दिसतं तुम्हांला. आशालताबाईंनाही दिसतं? आणि त्यांना बरं नसलं तर तुम्हीच बघणार ना? घरात वाचता न येणारं कोणी नाही ना? सहज विचारलं. असलंच कोणी, तर शंभराच्या पुढं दोन बारीक रेघा आहेत ना, तिथं लाल नखरंगाचा ठिपका लावून ठेवा. पारा ठिपक्याला पोचला की रिक्षा. सकाळची वाट बघायची नाही, गोळी देऊन ताप दाबायचा नाही, सरळ इस्पितळ. आता म्हणे आकडे दाखवणारी, बॅटरीवाली मिळतात. पण आकडे दाखवून तरी काय, आकडा ओळखता आला पाहिजे ना.

पहिल्या दोन डोसांना आमची विनी आली होती नाशिकहून, लेक. तीच बघायची ताप. नव्व्याण्णव आहे बाबा, ठीक आहे, म्हणायची. तिसऱ्याला तिला येता आलं नाही, तिची सासू पडली. लुसी म्हणाली, बघीन माझं मी. ती सातवी शिकलेली. लाईटचं बिल, पोरीची पत्रं, सगळं तीच वाचायची, कोणाला पत्ता लागू न देता. चर्चमध्ये मिस्सेला मी बाकाशी गाण्यांचं पुस्तक धरून उभा राहायचो सगळ्यांसारखा, गाणी पाठ, आणि पान उलटायची वेळ आली की ती कोपरानं हळूच ढोसायची. बेचाळीस वर्षं, रमेशभाऊ. फादरनाही कळलं नाही.

नवव्या दिवशी संध्याकाळी अंग तापलं. तिनं थर्मामीटर लावलं, काढलं, डोळ्यांपुढं धरलं आणि म्हणाली, मला धुकं दिसतंय रे, आकडा दिसत नाही. माझ्या हातात दिलं. तेवढ्यात दारात क्लेमेंटीन, पेजेचं भांडं घेऊन. म्हणाली, किती आहे दादा? आणि मी—ते असं दिव्याकडं धरलं, डोळे बारीक केले, जरा वेळ लावला, वाचणारी माणसं लावतात तसा, आणि म्हणालो, "नव्व्याण्णव आहे. ठीक आहे."

लुसीनं माझ्याकडं बघितलं. तिला ठाऊक होतं ना. एक शब्द बोलली असती—क्लेमेंटीन, तू बघ—एवढंच. नाही बोलली. डोळे मिटून घेतले. अंगात आग भडकलेली असताना माझी लाज राखली तिनं. आणि मी राखू दिली. रात्रभर कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवत बसलो, क्लेमेंटीनला आता सांगतो, मग सांगतो, असं मनाशी म्हणत. पहाटे ती थंडीनं कुडकुडायला लागली, मेलेल्या आईला हाका मारायला लागली, तेव्हा कुंपणावरनं ओरडलो. क्लेमेंटीननं थर्मामीटर लावलं, बघितलं. एकशे तीन.

डॉक्टर म्हणाले, संध्याकाळीच आणायला हवं होतं. मी मान हलवली.

—तुमचं नाव पुकारताहेत. आशालताबाई आल्या बघा, हात दाबून धरलाय, कापूस सोडू देऊ नका लगेच. जा. नको, माझ्यापाशी थांबू नका, माझं काय, मी दार बघतोय. ते थर्मामीटर राहू दे तुमच्याकडंच. ठिपका मात्र लावा. काय? क्लेमेंटीन? हो, सांगतो म्हणालो होतो. बारा वाजता डबा घेऊन येईल ती. परवा रिक्षात लुसीचं डोकं तिच्या मांडीवर होतं. मी सगळं कबूल केलं, म्हटलं, बाई, मला वाचता येत नाही गं, मी खोटं बोललो. वाटलं आता थुंकेल तोंडावर. तिनं लुसीच्या अंगावरची चादर सारखी केली आणि म्हणाली, "मला वाटलं, तो आकडा लुसीनंच वाचून तुम्हांला सांगितला असेल, सिप्रीदादा. तुम्हांला वाचता येत नाही, हे तर अख्ख्या आळीला ठाऊक आहे."