नावेतून कोण उतरलं?

तो सिनेमा कसा होता ते मला विचारू नका, आधी आमच्या बनकर सरांचं ऐका. सर पुणतांब्याला शाळेत मराठी शिकवायचे. एका जुन्या कादंबरीवर त्यांचा भारी जीव. तिच्या शेवटी नायिका नदीकाठी उभी असते, लांबून नाव येताना दिसते, आणि संपलं! सर डोळे मिटून पोरांना सांगायचे, "नावेत तो आहे का नाही, हे लेखकानं तुमच्यावर सोडलंय. याला म्हणतात अभिजात!"

परवा त्याच कादंबरीवरचा सिनेमा बघायला आम्ही शिर्डीला गेलो. नाव काठाला लागली, नायक उतरला आणि त्याच्या मागून त्याची नवी नवरी उतरली. सर उठून ओरडले, "शेवट बाटवला! बंद करा!" लोकांनी आम्हालाच बाहेर काढलं.

दिग्दर्शकाला पुराव्यासकट झापायचं म्हणून सरांनी तिथंच कादंबरीची नवी प्रत घेतली. घरी येऊन शेवट उघडला, तर नवरी तिथंही उतरलेली! मग जुनी प्रत काढली, तर सरांच्या लग्नात आहेरात आलेल्या त्या प्रतीत ते शेवटचं पानच नव्हतं.

वहिनी मेथी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "तुमी वाचायच्या आधी मीच फाडलं. मेल्यानं दुसरी आनली, मला न्हाई पटलं."

"अगं, मग पान कुठंय?"

"बंबात घातलं. तुमीच त्या दिवशी अंघोळ करून म्हनले हुते, आज पानी कसं कडक तापलंय!"