पऱ्ह्यातलं यंत्र

यंत्राले शिव्या देत मी आसगावभर फिरलो, तं खरं काय झालं तेही आता मीच सांगतो.

पुण्याहून पोरगी आली अन् तिनं धानाच्या पऱ्ह्यात, म्हणजे कवळ्या रोपाच्या वाफ्यात, एक यंत्र रोवून देलं. माती सुकली का ते मोटार सुरू करे, ओली झाली का बंद. पोरगी पुण्यात बसून फोनवर सारं पाहे.

ती गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन पाहातो, तं मोटार चालूच अन् पऱ्ह्याचे शेंडेही दिसेनात. यंत्राले शिव्या देत गावभर फिरून आलो, तरी मोटार चालूच. मंग तिले फोन लावला. "तुह्या यंत्राले अक्कल नाही! पऱ्हे बुडवले त्यानं!"

"बाबा, इथं तं माती कोरडी दाखवून राहिली. यंत्राले हात लावला का तुम्ही?"

"हात कायले लावू? प्लास्टिकच्या पन्नीत गुंडाळून परत रोवलं फक्त. एवढं महागाचं सामान, ओलं नाही होणार का?"

पोरगी म्हणे, "बाबा, त्याले ओलंच व्हाचं असते."

गुमान चिखलात उतरलो अन् पन्नी काढली. घडीभरात मोटार आपोआप बंद. वावराच्या धुऱ्यावर, बांधावर, बायको उभी होती. म्हणे, "यंत्राले पन्नीतून काढलं तं अक्कल आली जी. तुमाले कायच्यातून काढू?"