छतालासुद्धा ग्लॉसी

आणि वर लेक म्हणते काय, तर 'बाबा, तुमचं घर, तुम्हाला हवं ते लावा'... आता मला सांगा, हे काय उत्तर झालं? उभी हयात रंगाच्या दुकानात गेली माझी. शाळा सातवीत सुटली ती सुटलीच, पण मॅट कुठे, सॅटिन कुठे, ग्लॉसी कुठे, हे मी झोपेतून उठवलंत तरी सांगेन. मॅट लावलात तर भिंतीचे खड्डे-उंचवटे झाकले जातात, पण डाग पुसायला गेलात की डागासकट रंग फडक्यावर. ग्लॉसी लावलात तर पुसा हवं तेवढं, पण गवंड्याचं एकूण एक पाप चव्हाट्यावर. आणि सॅटिन म्हणजे दोहोंच्या मधलं, आपलं नवरा-बायकोचं भांडण मिटवायला. खरं सांगतो, जोडपं दुकानात आलं की मी आधी दोन स्टुलं पुढे करायचो, कारण 'ह्यांना काही कळत नाही हो' आणि 'हिला नुसतं चकचकीत हवं' एवढं झाल्याशिवाय डबा काही हलायचा नाही.

आमच्याकडे तरी वेगळं काय होतं? मी हॉलला मॅट म्हटलं की ही म्हणणार ग्लॉसी. का? तर मी मॅट म्हटलं म्हणून. मग मी शहाणा झालो. व्यापारी माणूस! मनात मॅट असलं की तोंडाने ग्लॉसी म्हणायचं, की ही लगेच, 'भिंती आहेत की आरसे? मुकाट्याने मॅट लावा.' वर्षानुवर्षं वाटत होतं, काय फसवतोय मी हिला... आणि शेवटच्या आजारात, पडल्या पडल्या भिंतीकडे बघत म्हणाली, 'मॅटच हवं असायचं ना तुम्हाला? मग सरळ का नाही म्हणालात कधी? मी आपली दर वेळी आरसे आरसे करत बसले.'

तर आता भिंतींना पोपडे आलेत, नवा रंग देणं भाग आहे, म्हणून परवा लेकीला फोन लावला आणि मुद्दाम म्हटलं, 'बेडरूमला ग्लॉसी लावतोय, छतालासुद्धा.' छताला हं! दिवा लावला की उताणं झोपलेल्या माणसाने गॉगल घालायचा. वाट बघत बसलो, आता ओरडेल, मग ओरडेल... 'छान दिसेल की बाबा. तुमचं घर, तुम्हाला हवं ते लावा. जेवलात ना?'

मग पेंटर बोलावला. त्याच्याकडून हॉलच्या भिंतीवर तिन्हींचे चौकोन मारून घेतले. सकाळच्या उजेडात एक बरा वाटतो, संध्याकाळी दुसरा, आणि विचारायचं कुणाला? त्याला म्हटलं, ग्लॉसी. त्याने भिंतीवरून हात फिरवला. 'शेठ, ह्या भिंतीला ग्लॉसी? रंगवाल्याच्या घरात? लोक हसतील.' काय सांगू तुम्हाला, कान निवले. मी म्हटलं, 'तू मला रंग शिकवतोस?' तो म्हणाला, 'शिकवायला लागतंय.' लगेच चहा टाकला, बिस्किटांचा पुडा फोडला, तो मॅट, मी ग्लॉसी, त्याचा आवाज चढला, माझा चढला, किती दिवसांनी ह्या घरात कुणीतरी कुणाचं बोलणं तोडत होतं... आणि दुसरा कप अर्ध्यावर असताना मेल्याने घड्याळ बघितलं. 'बरं शेठ, मला दुसरीकडे जायचंय. तुमचं घर, तुम्हाला हवं ते लावतो.'

दिला पाठवून. दुसरा आणला, तो दारातूनच 'तुम्ही म्हणाल तसं' म्हणाला, त्याला चपला काढायची वेळच येऊ दिली नाही.

सध्या हॉल तसाच आहे. कपाट मधोमध, खुर्च्यांवर जुन्या चादरी, मी त्यातून अंग चोरत स्वयंपाकघरात जातो. सोमवारी तिसरा येतोय. काम यथातथाच आहे त्याचं, ब्रशचे केस भिंतीत सोडतो, चार दिवसांच्या कामाला पंधरा दिवस खातो, गिऱ्हाइकांनी बजावलंय मला... पण भांडकुदळ आहे म्हणतात.