वजन चुकू नये म्हणून

मुलगी : कपाटाचं हे कुलूप बाबांचं नाही.

काका : नसेल. जुनं गंजलं होतं, काढून टाकलं.

मुलगी : कोणी?

काका : अगं, कुलपाचं काय घेऊन बसलीस? त्याचा एप्रन आहे, चष्म्याचं घर आहे, डबा आहे. पिशवीत भर आणि वर जाऊ. या तळघरातल्या प्रयोगशाळेत जीव घुसमटतो.

मुलगी : इतकी वर्षं बाबांच्या शेजारच्या टेबलावर बसलात. आजच घुसमटायला लागला?

काका : अगदी त्याच्यावर गेलीस. तोही बोलायचा कमी, टोचायचा जास्त.

मुलगी : हे खोकं कसलं?

काका : हातमोज्यांचं.

मुलगी : सीलसुद्धा तोडलेलं नाही. बाबा हातमोजे घालत नव्हते?

काका : घालायचा की. दुसऱ्या खोक्यातले.

मुलगी : ते कुठंय?

काका : संपलं असेल. तू काय पोलिसात आहेस?

मुलगी : ग्रंथालयात आहे. बाबा गेल्यापासून इथल्या त्या रसायनावर, अ‍ॅक्रिलामाइडवर, मिळेल ते वाचतेय.

काका : वाचून माणूस उगाच घाबरतो. बटाटे लाल होईपर्यंत तळले, पाव करपला, की त्यातही ते तयार होतं. म्हणून कोणी नाश्ता सोडतं का?

मुलगी : पावात ते कणभर. इथे बरणीभर पूड आहे. ती तुम्ही माणसाच्या पेशींना देऊन बघत होता ना? काय व्हायचं त्यांचं?

काका : मज्जापेशींना लांब, बारीक तंतू असतात. पूड पाण्यात विरघळवून सोडली, की आधी तंतूंची टोकं सुकतात. मग ते सुकणं टोकाकडून आत सरकत जातं. शेवटी पेशी गोल होते, तळ सोडते आणि तरंगायला लागते.

मुलगी : आधी टोकं.

काका : हो.

मुलगी : बाबांच्या आधी पायांची बोटं बधिर झाली. मग हातांची. तळव्यांची सालं निघायची.

काका : वय झालं की होतं असं.

मुलगी : डोळे मिटले की झोक जायचा त्यांचा. पाय कुठे पडतोय ते बघितल्याशिवाय कळायचंच नाही. रात्री खोलीतला दिवा मालवू द्यायचे नाहीत, त्यावरून आईशी भांडणं. त्या दिवशी न्हाणीघरात पडले, तेव्हा तोंडाला साबण लावला होता. डोळे मिटलेले होते, काका.

काका : माहीत आहे मला. आलो होतो ना मी.

मुलगी : आलात, आणि आईला म्हणालात, माणूस सोन्यासारखा होता, पण जरा घ्यायचा.

काका : लोक म्हणत होते.

मुलगी : खोकल्याचं औषध घेताना नाक दाबणारा माणूस. आई आता त्यांच्या फोटोकडे पाठ करून जेवते. मला कुणाला धडा शिकवायचा नाही. ते प्यायलेले नव्हते, एवढंच तिला कळायला हवं. माझं तिला पटत नाही, मुलगी बापाचीच बाजू घेणार म्हणते. तुम्ही सांगितलंत तर पटेल.

काका : मी काय सांगणार? पूड तोच मोजायचा.

मुलगी : हातमोज्यांशिवाय.

काका : अगं, हातमोज्याला पूड चिकटते. घ्यायची चिमूटभर, त्यातली बोटांनाच लागली तर वजन चुकतं, पुढचं सगळं वाया. वर हवा ओढणारा पंखाही बंद ठेवावा लागतो. तो चालू असला की काट्यावरचा आकडा नाचत राहतो, ठरतच नाही.

मुलगी : मोजायचे बाबा, आणि ठाऊक सगळं तुम्हाला.

काका : बघून बघून कळतं.

मुलगी : पंखा बंद असताना, शेजारी उभं राहून.

काका : हे बघ, इथे कोणी उघड्या हातानं काम करत नाही, असं सांगायचं ठरलंय. मी काही वेगळं बोललो तर उद्या मला घरी बसवतील. मला यात ओढू नकोस.

मुलगी : रोज सकाळी पेशी बघायचात. कुठला तंतू तुटला, कुठली पेशी सुटली. बाबांकडे कोणी बघितलं?

काका : भरली का पिशवी?

मुलगी : भरली. खोकं राहू दे इथेच, कुणाच्या तरी उपयोगी पडेल. चला, दिवा बंद करते.

काका : थांब. जिन्यापर्यंत जाऊ दे.

मुलगी : जिना तर हा समोर. बटण इथे दाराशीच आहे.

काका : असू दे म्हटलं ना. सकाळी झाडायला येतात, ते करतील बंद.

मुलगी : काका.

काका : मला आधी भिंत धरू दे.

मुलगी : कधीपासून?

काका : तो पडला, तेव्हा वाटलं, पीत असला तर बरं. मी तर पीत नाही.

मुलगी : आई घरीच आहे.

काका : चल. आत्ताच जाऊ. तिला मीच सांगतो.

मुलगी : भिंत सोडा. माझा हात धरा.

काका : धरलाय. दुखलं तर सांग हं, पोरी. किती जोरात धरलाय, ते मला कळत नाही.