माशा खाणाऱ्या झाडाचा श्रावण

मरोळच्या देवळात कीर्तनाला अजून अवकाश होता. बुवा आले होते, तबलजी यायचे होते. माझ्या पुढेच सतरंजीवर एक सासू-सून बसल्या होत्या.

“आई, खरं सांगा. ह्यांनी बोटीवरून आणलेल्या त्या माशा पकडणाऱ्या झाडाला काही घातलंत?”

“थोडा दूधभात गं. श्रावणात आपण कांदासुद्धा खात नाही, आणि ते गॅलरीत बसून माशा खाणार?”

“म्हणूनच त्याची तोंडं काळी पडली! कशी लालभडक होती. भात कुजला ना आत.”

“सुकलेलं वाटलं म्हणून शेणखतही घातलं. आरेच्या तबेल्यातलं. तुळस कशी फोफावली त्याने!”

“वाट लागली! त्याला खत चालत नाही. नळाचं पाणीही नाही, पावसाचंच लागतं. हे दिवाळीला आले की आधी झाड बघणार. काय सांगू मी?”

“लोकांची मुलं टेपरेकॉर्डर आणतात, आमच्या नंदूने हे आणलं. रडू नकोस गं. सगळं मेलं का?”

“मधून एक कोवळं पान आलंय.”

“मग ऊठ.”

“आत्ता? कीर्तन?”

“बुवा उद्याही आहेत. माती कसली लागते?”

“ह्यांनी आणलेलं शेवाळ उरलंय थोडं. धुतलेल्या वाळूत मिसळून. आणि ऊन भरपूर, त्यानेच लाल होतं.”

“ऊन तुळशीपाशीच येतं. तिथेच ठेव.”

“पण आई, तुळशीशेजारी माशी खाल्ली तर?”

“खाऊ दे. श्रावण मी धरलाय, त्याने नाही.”