पुंजारामचं कोपर

—आन् हात सोड खाली. सोड म्हणतो ना! खांदा निखळलाय, मोडला नाय, आन् तू तर असा कवटाळून बसलाय जसं काय कुणी पळवून न्यायलंय. हा टी-शर्ट कापावा लागंल बरं का. का? ह्या चित्रापायी जीव तुटतो व्हय? कोण हाय हा — केस उभे, कपाळाला आठ्या? जपानी कार्टून? हिरो? नाय? हिरोचा दुश्मन! आन् त्याला छातीवर घेऊन फिरतो तू? सांग, सांग, बोलत ऱ्हा — बोलताना आंग सैल पडतं. हिरोला हरवायच्या नादात घरदार सोडतो, दिसंल त्याला मारतो, आन् शेवटी त्याला कळतं की ह्योच आपला खरा दोस्त. अस्सं. हसत नाय रे लेका. एवढंच म्हणतो, शेवट लई झटक्यात सांगितलास. मधी हाडं किती मोडली ते नाय सांगितलं.

मी बी पैलवान व्हतो. हा कान बघ, चुरगाळलेला — तालमीचा कान हाय हा. कडूबा म्हणलं की वैजापूरकडं अजून दोन-चार म्हातारे मान वर करतेत. बापानं हितं शेरात तात्यासाहेब वस्तादांच्या तालमीत आणून टाकलं तवा मिसरूड फुटलं नव्हतं. त्याच साली पैठणहून पुंजाराम आला. मागावर पैठणी विणणाऱ्या घरातला, बारीक बोटांचा — बाईमाणसासारखी बोटं! म्हणलं ह्याला तर उभाच फाडतो. आन् झालं काय? मी नीट उभा ऱ्हायलो नव्हतो तर पाठ मातीला लागली. अख्खी तालीम हसली. एकटा तोच हसला नाय. वाकून हात दिला मला, उठायला. तो हात चाबकावानी लागला बघ मला. खुन्नस तिथून. मग काय — येड! तो तीनशे जोर मारायचा, मी चारशे. तो चार भाकरी खायचा, मी पाच, वकारी येईस्तोवर. त्याला ताप आला तर मला घास गिळायचा नाय — काळजी? काळजी कशाची, तो निजून ऱ्हायला तर मी हरवू कोणाला? बाकीचे माझ्यासंगं लढायलाच नको म्हणायले, कारण समोर कोणीबी आला तरी मला तो पुंज्याच दिसायचा. एकाचे दोन दात पाडले. एकाचा अंगठा उलटा केला, हातात त्याचं नख आलं माझ्या. वस्तादांनी वेताच्या छडीनं पाठ सोलली माझी, तरी फरक नाय. रोज माझ्यापुढं उभा ऱ्हायचा तो फकस्त पुंजाराम. चार वर्सं. आन् मी एकदा बी जिंकलो नाय, एकदा बी. — श्वास घे. सोड. नाय, अजून नाय बसवत, भिऊ नको.

एकोणऐंशी साल. गोदावरीकाठची जत्रा, पैठणजवळच, म्हणजे सगळी माणसं त्याची. शेवटची कुस्ती आमची. लई येळ चालली, दोघं बी मातीनं लाल, कोण कुठला कळंना. मी त्याचा उजवा हात पाठीमागं घेतला, कोपर छातीशी आडकवलं, आन् — कडाक्! बाभळीची वाळली फांदी मोडावी तसं. अपघात. कुस्तीत व्हतं असं. हाड कातडं फाडून भायेर आलं. तो वरडला नाय, नुसता बघत ऱ्हायला माझ्याकडं. मग गाव उठलं. पैली काठी नडगीवर. दुसरी हितं — हात लाव, खोक लागंल. तिसरीत पुढचे दात गेले. कोणीतरी फेटा गळ्याला आवळला, कोणी पायानं तोंड मातीत दाबलं, माती नाकातोंडात, आन् कानात एकच — मारा, मारा, जित्ता सोडू नका. मेलोच व्हतो मी. तेवढ्यात आंगावर वजन पडलं. गरम, घामेजलेलं. डोळे मिटलेले तरी वळखलं — चार वर्सं त्याच वजनाखाली चीत झालतो, वळखणार नाय? पुंजाराम. मोडका हात लोंबतोय आन् माझ्यावर पालथा. काठी चालायला लागली की थांबायला येळ लागतो रे. थांबेस्तोवर त्याच्या तीन बरगड्या गेल्या. माझ्या वाट्याच्या.

दवाखान्यात शेजारी शेजारी खाटा. त्याची माय आली, सरूबाई. आल्या आल्या माझ्या थोबाडीत दिल्या दोन — डोकं बांधलेल्या माणसाच्या! — आन् मग खाली बसून रडली, आन् पदरातली भाकर मोडून अर्धी त्याला, अर्धी मला. मारामारी झाली म्हणून पोलीस आला जबाब घ्यायला. पुंजाराम म्हणला, आम्ही आखाड्याच्या कडंला गेलतो, पंचानं थांबायची शिट्टी दिली, पण हलगीच्या आवाजात कडूबाला ऐकू गेली नाय. पोलिसानं लिवून घेतलं, गेला. पण हलगी कुठं वाजत व्हती? शिट्टी झाली की हलगीवाला थांबतोच. थांबला व्हता. सगळं शांत झालतं, इतकं शांत की माझा मलाच श्वास ऐकू येत व्हता. आन् मग मी दाबलं.

…काय बघतोस? अपघात म्हणलो व्हय मी? म्हणलो. चाळीस वर्सं हेच म्हणतोय, तोंडाला सवय झाली. तू तरी काय असा टक लावून —

जाऊ दे. निघालं तर निघालं. त्याचा हात सरळ झालाच नाय. मी पुढं तीन जत्रा मारल्या. जिंकलो! आन् डोक्याला फेटा बांधायलेत तर माझी नजर गर्दीत पुंज्याला हुडकायली. तो नाय तर बघितलं कोणी? काय चव त्या जिंकण्याला? उतरवला लंगोट. हाडं मोडायची ठावं व्हती, एका म्हाताऱ्याच्या पायाशी बसून जोडायची शिकलो. दर आइतवारी यष्टीनं पैठण. त्याचं कोपर चोळायचो, तेल जिरेस्तोवर. पाण्यापावसाचं बोलायचो, मागाचं, पोराबाळांचं — ते एक सोडून सगळं. सरूबाई गेली तवा तेराव्याला तोंड उघडलं. म्हणलं, पुंज्या, मी ऐकली व्हती शिट्टी. तो ताटावरनं मान वर न करता म्हणला, “म्हाईत हाय.” मग आंगावर कामून पडला रे माझ्या? तर हसला. म्हणला, “तू मेला असता, तर हात बरा झाल्यावर मी कोणासंगं लढलो असतो?”

बावीस वर्सं लागली मला ते एक वाक्य बोलायला. बावीस.

बघ, वर बघ, त्या खिळ्याकडं — हां! झालं. बसला खांदा. वरड, वरड, लाज नाय त्यात. आता खरं सांग. गाडीवरनं पडलो म्हणलास, मग मुठीवर हे दाताचे वण कशाचे? खाली मान घालू नको. कोणाचे दात हैत? …संगं राहणाऱ्याचे. आन् तो कुठं हाय? दवाखान्यात. जबडा बांधलाय. म्हणजे त्याला काय बोलता यायचं नाय. मग तुलाच बोलावं लागंल.

हात झोळीतून काढायचा नाय एकवीस दिवस. क्रांती चौकात रिक्षा मिळंल. घरी नाय जायचं — आधी दवाखान्यात. बसला काय अजून? नीघ म्हणलं ना! मनकर्णाबाई, या आत. कोणता पाय म्हणला तुम्ही?