दिवाकरकाकांचं न ठरलेलं मत

बसा, बसा. मागे उभे आहेत त्यांनी पुढे या, पहिली रांग रिकामी आहे. आपल्या लोकांना शोकसभेतसुद्धा मागेच बसायचं असतं.

काकू, मुलांनो, मंडळी. मी मृणाल. नागपूरची. इथे अमेरिकेत, ॲन आर्बरमध्ये, चौदा वर्षं झाली, व्हिसावर. काय बोलायचं ते येताना गाडीत पाठ केलं होतं. दारात काकांचा फोटो दिसला आणि सगळं विसरले. तेव्हा जे येईल ते बोलते.

दिवाकरकाका गेल्या गुरुवारी झोपेतच गेले. निवडणूक तीन आठवड्यांवर आली असताना गेले. आम्हा सहा जणांना हे फार लागलं. का, ते सांगते.

दर शनिवारी सकाळी आम्ही सहा जण काकांकडे चहाला जमायचो. सहाही जण व्हिसावर, ग्रीन कार्डच्या रांगेत. प्रेसिडेंट पुन्हा निवडून येणार की नाही, यावर आम्ही घसा बसेपर्यंत भांडायचो. आणि सहा जणांची मिळून मतं किती? शून्य! त्या खोलीत मत होतं ते काकांचं. पन्नास वर्षांपूर्वी आलेला माणूस, गाड्यांच्या कारखान्यातून रिटायर झालेला, सिटिझन. तेही मिशिगनचा मतदार! इथला निकाल थोडक्या मतांनी फिरतो, म्हणून ज्याच्या दारात दोन्ही पक्ष येऊन उभे राहतात, असा.

मग काय? जानेवारीपासून आम्ही त्या एका मताचा प्रचार सुरू केला. दोन गट पडले. मी प्रेसिडेंटच्या बाजूने. तो बघा, प्रशांत, पुण्याचा, तो विरोधात.

मी म्हणायचे, "काका, खुर्चीत बसलेल्या माणसाला उठवणं सोपं नसतं. विमान त्याचं, बँड त्याचा, रोज टीव्हीवर तोच. समोरच्याला आधी स्वतःचं नाव सांगण्यापासून सुरुवात."

काका म्हणायचे, "मग निवडून येतोच आहे की तो. माझं मत कशाला हवंय?"

प्रशांत म्हणायचा, "काका, खुर्चीत बसलाय म्हणूनच पडणार. अंडी महागली, तो जबाबदार. रस्त्याला खड्डा पडला, तो जबाबदार. लोक वैतागलेत, यार!"

काका म्हणायचे, "मग पडतोच आहे की तो. माझं मत कशाला हवंय?"

आणि शेवटी दोघांनाही एकच उत्तर. "विचार करतोय."

फेब्रुवारीत बर्फ पडला. मी सकाळी जाऊन काकांचा ड्राइव्हवे साफ केला. तासाभराने प्रशांत आला आणि साफ केलेलाच ड्राइव्हवे पुन्हा साफ करून गेला. मला म्हणाला, "तुझ्या बाजूने थोडा राहिला होता." मी साबुदाण्याची खिचडी नेली, त्याने अळूवडी नेली. मी काकांच्या अंगणात प्रेसिडेंटच्या नावाची पाटी रोवली, त्याने तिच्यापुढे दुसरी रोवली. काकूंनी दोन्ही पाट्या उपटल्या आणि त्यांच्या तारेच्या चौकटींवर टोमॅटोची रोपं चढवली. अख्ख्या मोहिमेत उपयोगी पडलेली गोष्ट तेवढीच.

काकांना प्रचाराचे फोन यायचे. आपण कट करतो. काका करायचे नाहीत. पलीकडचा पोरगा विचारायचा, प्रेसिडेंटना तुमचा पाठिंबा आहे का? काका त्याला विचारायचे, तू कुठला, कॉलेजात काय शिकतोस, जेवलास का? एकदा तर एक मुलगी फोनवर रडायला लागली, तिचं ब्रेकअप झालं होतं. काकांनी तिला पाऊण तास समजावलं. शेवटी तिने विचारलं, मग तुमचं मत? काका म्हणाले, "विचार करतोय."

मंडळी, मला राग यायचा. आज सांगून टाकते. मी प्रशांतला म्हटलंसुद्धा होतं, "आपल्याला मताचा हक्क मिळावा म्हणून आपण वर्षानुवर्षं रांगेत उभे आहोत, आणि काकांच्या हातात तो आहे तर त्यांचं ठरत नाही. थट्टा वाटते का त्यांना?"

मंगळवारी मी काकूंना भेटायला गेले. टपालाने आलेली मतपत्रिका टेबलावर तशीच होती. पाकीट फोडलेलंही नव्हतं. मी म्हटलं, "काकू, शेवटपर्यंत ठरलंच नाही ना काकांचं?"

काकू म्हणाल्या, "ठरलं नाही कसं? उन्हाळ्यातच ठरलं होतं. पण म्हणायचे, एकदा सांगून टाकलं की ही मुलं शनिवारी कशाला येतील?"

मुलगा टेक्सासला, मुलगी बॉस्टनला, घरात दोनच माणसं. आणि आम्हाला वाटत होतं, आम्ही काकांचं मन वळवतोय! मला फार लाज वाटली. आणि शनिवार संपले, असं वाटून रडूही आलं.

काकूंनी मला रडू दिलं. चहा टाकला. मग म्हणाल्या, "मृणाल, मीही सिटिझन आहे गं. इतके महिने तुम्ही माझ्या हातचा चहा पिताय. माझं मत एकाने तरी मागितलंत का?"

नाही मागितलं. मंडळी, सहा शिकलीसवरली माणसं, कोणाच्या डोक्यातसुद्धा आलं नाही! मी हात जोडले. म्हटलं, "काकू, चुकलं. आता विचारते. तुम्ही कोणाला देणार?"

काकूंनी चहा गाळला, कप माझ्यापुढे ठेवला. म्हणाल्या, "विचार करतेय. शनिवारी या सगळे."

तर प्रचार चालू आहे. फक्त आता दोन मिनिटं कोणी कोणाची बाजू घ्यायची नाही. प्रशांत, तूसुद्धा. उभे राहूया, काकांसाठी.

काका, आम्हीही काही मतासाठी येत नव्हतो.